बाहेरकाठ्याची खांड

बाळूच्या वर्षसराधाचं पान निवट्यांसाठी अडलं.

कडूंच्या घरात मेलेल्या माणसाला वर्ष झालं की त्याच्या आवडीचं जेवण केळीच्या पानावर वाढतात, आणि ते पान दाराबाहेर ठेवल्याशिवाय घरातलं कोणी तोंडात घास घालत नाही. भटजी पिंडाचं सकाळीच उरकून गेले होते. त्यांच्या पोथीत निवट्या बसत नाहीत. पण बाळूचा जीव निवट्यांत होता. खाडीच्या चिखलात टणाटणा उड्या मारणारा हा बोटभर मासा कोळंबीच्या वर आणि जिताड्याच्याही वर, असं तो जन्मभर भांडून सांगत आला. मरायच्या आधी हॉस्पिटलातल्या पेजेकडे बघूनसुद्धा त्याने "निवट्या नाय का?" असंच विचारलं होतं. म्हणून त्याच्या बायकोने, भीमाबाईने, पहाटेच नणंदेला सांगून ठेवलं होतं, "गोदूबाय, तुमच्या भावाचा पान हाय. पाटीभर नको, मूठभर आना."

गोदू पहाटेची गेली होती. आता ऊन डोक्यावर आलं तरी तिचा पत्ता नव्हता. वडे निवले होते, खिरीवर साय धरली होती, आणि उल्व्याहून आलेली मनिषा दर थोड्या वेळाने दारात जाऊन रस्त्याकडे बघत होती.

मनिषाचा बाप, भगवान, ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. धाकटा भाऊ आपल्या आधी गेला, हे त्याला वर्षभरात पचलं नव्हतं. तरी यंदा शिमग्यापासून म्हाताऱ्याच्या चालीत एक ताठा आला होता आणि तो अख्ख्या गावाला दिसला होता. कारण त्याने खांड बांधली होती.

बाहेरच्या माणसाला हे पटकन कळायचं नाही. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून या गावांनी बापजाद्यांपासून मातीचा लांबलचक बांध राखला. तो बाहेरकाठा. उधाणाला तो जिथे फुटतो ती खांड. खांड गेल्याची हाक आली की घरात जो पुरुष असेल त्याने हातातलं टाकून धावायचं, भरल्या ताटावरून उठायचं, आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याही हातून चिखल घ्यायचा. जो आला नाही त्याच्या घरच्या मयताला पुढे कोणी जात नसे. भगवानचा बाप अशाच एका खांडीत, चिखल पोचेपर्यंत पाणी अडावं म्हणून स्वतः आडवा झाला आणि काठासकट वाहून गेला. ती खांड पुन्हा कोणी बांधली नाही. शेतं खारली. माणसं मिठागरांवर, मग बंदरात, मग कुणाकुणाच्या गोदामांवर मजुरीला गेली. सोडून दिलेल्या त्या शेतांत खाडीने हळूहळू तिवराचं, भरतीच्या खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या झाडांचं, रान उभं केलं. भगवानला ते रान कधी रान म्हणून दिसलंच नाही. त्याला तिथे फक्त बाप वाहून गेलेली जागा दिसायची.

आणि शिमग्याच्या सुमाराला बाळूचा मुलगा प्रणित त्याच्या शेजारी मांडी घालून बसला होता. "काका, खांड बांधू या. पोकलेन मी आणतो. पण माती कुठे टाकायची, मेखा कुठे मारायच्या, ते तुमच्याशिवाय कोणाला येतंय? परत भात लावू."

म्हाताऱ्याला कित्येक वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. विचारलं ते हे. या वयात तो गुडघाभर चिखलात उतरला, पोकलेनच्या ड्रायव्हरला हातवाऱ्यांनी नाचवलं, पेंढ्याचे भारे स्वतः दाबून बसवले आणि ओहोटी तळाला गेल्यावर शेवटची ढेप आपल्या हाताने लावली. पाणी आत आलं नाही. भगवान तिथेच बसून हमसून हमसून रडला होता, आणि प्रणितने त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता.

"आली आत्या," मनिषा म्हणाली.

गोदू मागच्या दाराने न येता पुढच्या दाराने आली, तेव्हाच भीमाबाईच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेलं, पाय मात्र कोरडे. निवट्या काढून आलेल्या बाईचे पाय कधी कोरडे नसतात. तिने पाटी भगवानच्या पुढ्यात फरशीवर ठेवली. पाटी रिकामी होती.

"पान वाढा, वयनी. निवट्या नाय मिलल्या."

"मूठभरपन नाय?"

"एक नाय. चिंबोरी नाय, कालव नाय. चिखल तापून भेगाललाय. तिवराची पानं पिवली पडून सगली गललीत." मग ती भावाकडे वळली. "दादा, तिथं पानीच नाय. शिमग्यापासून पानी नाय."

"पानी कसा येल?" भगवान हसला. बहिणीला एवढंही कळू नये याची त्याला गंमत वाटली. "खांड बांधली ना मी."

"तेच सांगतंय."

"खारा पानी तोडल्याबिगर भात व्हईल काय? वेरी हायस तू. दोन पावसाले जमीन धुतली पायजे, मंग..."

"भात लावनार हाय तिथं?" गोदूने प्रणितकडे बोट केलं. "ईचार त्याला."

प्रणित दारापाशी फोन बघत उभा होता. त्याने तो खिशात घातला. "आत्या, आज बाबांचा दिवस आहे. हे नंतर बोलू."

"बाळूचा दिवस हाय म्हनूनच बोलतंय. त्याच्याच खाजनात त्याच्या पानाला मूठभर निवट्या नाय."

"मनिषाताई, तू सांग ना तिला."

मनिषाने पदर सारखा केला आणि खिरीच्या पातेल्यावर झाकण ठेवायला आत गेली. भगवानने लेकीच्या पाठीकडे बघितलं. मनिषा गप्प बसणारी पोर नव्हती. ती लहानपणी मास्तरांशी वाद घालायची.

"प्रणित," तो म्हणाला, "भात लावाचा हाय ना रं?"

"काका." प्रणित त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "खरं सांगू का? भात कोण लावणार आता? तुम्ही? मी? चिखलात उतरायला एक तरी पोरगा आहे का गावात? पार्टी आली आहे. गोदामं होणार आहेत तिथे, मोठी, पार हायवेपर्यंत. आपल्या सगळ्यांच्या सह्या झाल्यात. फक्त जागा मोकळी दिसली पाहिजे. तिवर असलं की सरकारी लोकं हात लावू देत नाहीत, जंगल म्हणून लिहितात. उद्या पाहणीला येताहेत, पंचनामा आहे. तुम्ही गावातले सगळ्यात वयस्कर. तुम्ही एवढंच म्हणायचं, की हे आमचं शेत होतं आणि हा आमचा बाहेरकाठा. यात एक शब्द तरी खोटा आहे का?"

भगवानने विचार केला. एक शब्दही खोटा नव्हता.

"म्हंजे ती झाडं मरावी म्हनून तू माज्या हातानं..."

"असं नका ना म्हणू, काका."

"मंग कसा म्हनू?"

उत्तर भीमाबाईने देऊन टाकलं. "भावजी, पोरानं तुमचा मान राखला. आख्ख्या गावात मिरवलात तुमी. आता मेल्या माणसाच्या पानापुढं भांडू नका."

"मान!" गोदू म्हणाली. "वयनी, तुमच्या घरात माजा दाल्ला मेल्यावर मी परत आले, तवा मना कोनी घास दिला का? मी मागला पन नाय. त्या तिवरानं दिला मना. पंचवीस पावसाले मी तिथून पाटी भरून आनली नि पनवेलच्या बाजारात बसले. तुमचा परनित पन त्याच निवट्या खाऊन वाढलाय. दादा तिथं गेला की त्याला आमचा बा दिसतो. मना नाय दिसत. मना माजी चूल दिसते."

"इंग्रजांच्या वेळी चिरनेरला माझा पणजोबा जंगलासाठी उभा राहिला, आणि आपण ते मारतोय, हेच ना?" प्रणित आता चिडला होता. दर सप्टेंबरला त्या पणजोबाचा फोटो छापून हायवेला बॅनर लावणारा तोच होता. "आत्या, तो सत्याग्रह झाडं तोडायचाच होता. आमचं जंगल आहे, आम्ही तोडू, म्हणून."

"व्हय. चुलीसाठी तोडाचा. जंगलाच्या जागी गोदाम बांधाया नाय." गोदूने पाटी उचलली. "आज आवस हाय. आत्ता उधान लागलाय. आज पानी गेला तं कायतरी जगंल त्यातला. झाडांच्या मुल्या अजून वल्या हायत. मी बघून आले."

ती आली तशी पुढच्या दाराने निघून गेली. पान ठेवलं जाईपर्यंतही थांबायचं नाही, हे कडूंच्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. भीमाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. नवऱ्यासाठी की नणंदेवरच्या रागाने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

*

प्रणितने स्वतः पान उचललं आणि दाराबाहेर तुळशीच्या कट्ट्याशी ठेवलं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, आणि कडेला बाळूला आवडायची ती बाटली, टोपणभर ओतून. निवट्यांची जागा त्याने आईला सांगून मोकळी सोडायला लावली. ती मोकळी जागा बघून त्याला स्वतःचाच राग आला.

कारण त्याला सगळे समजतात तसा तो नव्हता. बाळू मरेपर्यंत उल्व्याला एका गोदामाच्या गेटवर वॉचमन होता. ज्या जमिनीवर ते गोदाम उभं होतं, तिच्यावर कधीकाळी त्याच्याच आज्याने मीठ काढलं होतं. साहेबाची गाडी आली की बाप उठून गेट उघडायचा, आणि शाळेतून डबा द्यायला आलेला प्रणित बापाचा तो सॅल्यूट बघायचा. त्याने तेव्हाच ठरवलं होतं. पुढचं गोदाम होईल तेव्हा गेटवर दुसऱ्याचा बाप असेल. यात त्याला काही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते काकांचं. काकांना खोटं सांगायची गरज नव्हती. सरळ सांगितलं असतं तर त्यांनी खांड बांधली नसती, एवढंच.

मनिषा येऊन त्याच्याजवळ उभी राहिली. वरून एक विमान खाली झुकत गेलं.

"तू बाबांना फसवलंस," ती म्हणाली.

"ताई, सही तुझीपण आहे. निनादभाऊजी स्वतः आले होते ती आणून द्यायला."

"मला वाटलं दलदल आहे नुसती. मच्छर आणि चिखल."

"आपल्याच आत्याला रोज तिथे जाताना बघत होतीस ना?"

खरी गोष्ट अशी होती की मनिषाला माहीत होतं. गोदूआत्या कुठून काय आणते ते तिला पक्कं माहीत होतं; शाळेची फी आईने त्यातूनच कितीदा भागवली होती. पण नवऱ्याने, निनादने, कागद पुढे सरकवला तेव्हा तिने विचार केला होता, की आत्या आता म्हातारी झाली, किती दिवस चिखलात उतरणार, तिला आपण उल्व्याला आणू. माणूस स्वतःची समजूत काढायला लागला की त्याला फार वेळ लागत नाही.

"उद्या बाबा काही बोलणार नाहीत तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तू ओळखत नाहीस त्यांना."

"नाही बोलले तर शिवाकाकाला उभा करीन. तोही त्याच वयाचा आहे. त्याला तर अभिमानच आहे बांधाचा." प्रणितने ओटीकडे बघितलं. "काका कुठे गेले?"

भिंतीजवळची जागा रिकामी होती. कोपऱ्यात कायम टेकवलेला फावडाही नव्हता.

*

मनिषा चपला घालून धावली तेव्हा तिला वाटलं होतं, बाबा आत्याला अडवायला गेले. बाहेरकाठ्यावर पोचेपर्यंत तिच्या साडीला घामाचे आणि चिखलाचे डाग पडायला लागले होते. डाव्या अंगाला खाडी काठोकाठ चढली होती. एवढं पाणी तिने लहानपणानंतर बघितलं नव्हतं. उजव्या अंगाला, बांधाच्या आत, तिवर उभं होतं. हिरवं पान कुठेकुठेच. बाकी राखाडी काटक्या, आणि खाली भेगाळलेल्या चिखलातून वर आलेली बोटाएवढी मुळं, हजारोंनी, आकाशाकडे तोंड करून. मनिषा एकदम थांबली. आपण सही केली ती ही, हे तिला आत्ता कळलं.

खांड बांधली होती त्या जागेवर गोदू कुदळीने माती उकरत होती. बांध माथ्याशी तिथे अजून मऊ होता. भगवान तिच्यापासून चार हातांवर उभा होता.

"सरक," तो म्हणाला. "तुला जमायचा नाय. मेखा कुठं हायत ते मना ठावं हाय."

गोदूने मान वर करून भावाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मनिषाने आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. ती हसली होती. कुदळ बाजूला टाकून ती सरकली, आणि भगवानने पहिला फावडा मारला. नंतर दोघं एका लयीत लागली, त्याचा फावडा आणि तिची पाटी, जशी लहानपणी बापाच्या मागे लागत असतील. मनिषा बांधावर उभी राहून रडत होती आणि आपण का रडतोय ते तिला नीट कळत नव्हतं. बाबांनी ऐकलं, एवढंच तिच्या मनात होतं.

पाणी पहिल्यांदा बोटभर आलं. मग हातभर. मग त्याने स्वतःच कडेची माती खायला सुरुवात केली. पेंढ्याचा एक भारा सुटून आत वाहत गेला, त्यामागे दुसरा, आणि एकदम आवाज झाला. खाडी आत शिरली. फेसाळ, तांबूस पाणी तिवराच्या पहिल्या रांगेच्या बुंध्याशी जाऊन आदळलं आणि कोरड्या चिखलातून बुडबुडे उठले.

"आला!" गोदू ओरडली. "दादा, पानी आला!"

भगवान त्या पाण्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. हातातला फावडा गळून पडला, आणि मनिषाच्या देखत त्याचं तोंड उघडलं.

"खांड गेली रं! धावा रं, खांड गेली!"

तो आवाज त्याचा नव्हता, त्याच्या बापाचा असेल, आज्याचा असेल. वाऱ्यावर तो पार देवळापर्यंत गेला. "खांड गेली रं!" तो पुन्हा ओरडला, आणि गोदू "दादा, नको, दादा!" म्हणत त्याचा हात ओढत असतानाच हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस फुटलेल्या बांधात आडवा झाला.

देवळाच्या ओट्यावर पत्ते कुटत बसलेली म्हातारी माणसं पत्ते टाकून उठली. शिवा सगळ्यांत पुढे होता, त्याच्या मागे आणखी पाचसहा जण, कोणी लंगडत, कोणी फावडा घेऊन, कोणी घरचं घमेलंच उचलून. यांच्यातल्या दोघांचं एकमेकांशी वीस वर्षं बोलणं नव्हतं. कोणी काही विचारलं नाही. भगवान पाण्यात आडवा दिसला, तेवढं पुरे होतं. ओळ लागली. चिखलाची ढेप हातातून हातात यायला लागली. "दाब! मेख मार! भारा आन!" त्यांची थकलेली अंगं अशी चालायला लागली, जणू त्यांनी ही कामं कालच सोडली होती.

"थांबा! नका बांधू!" मनिषा ओरडत होती. "शिवाकाका, मुद्दाम फोडलंय ते! पाणी आत जाऊ द्या!"

"बाजूला व्हय, पोरी. पायात येशील," शिवा म्हणाला.

गोदू ओरडत नव्हती. तिने एकदा, दोनदा लावलेली ढेप उपटून फेकली. मग तिच्या चुलत भावाने तिला खांद्याला धरून हळूच बाजूला बसवलं, वेड्या झालेल्या बाईला बसवतात तसं. ती बसली.

थोड्या वेळात पाणी थांबलं. आत गेलेलं पाणी तिवराच्या दोन रांगांपर्यंत पोचलं होतं, तिथेच ते चिखलात जिरलं. म्हाताऱ्यांनी भगवानला वर ओढून घेतलं, आणि मग हसण्याचा जो गलका झाला तो मनिषा जन्मात विसरणार नव्हती. चिखलाने माखलेली ती माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. ज्यांचं बोलणं नव्हतं ते दोघं एकाच काडीवर विड्या पेटवत होते.

"भगवानदा!" शिवाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुजा हात अजून तसाच हाय! तुज्या बाची खांड तू दोनदा बांधलीस!"

प्रणितही येऊन पोचला होता. खाली वाकून त्याने काकांच्या चिखलाच्या पायांना हात लावला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

भगवानने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, मग बांधाकडे, मग बहिणीकडे. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं.

"फोडा," तो म्हणाला. "शिवा, फोड तो बांध."

सगळे हसले.

"फोड म्हनतोय ना मी! त्या झाडांना पानी पायजे!"

"दमलाय तो," शिवा बाकीच्यांना म्हणाला. "घरी नेऊन च्या पाजा." आणि ती सगळी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, बांधावरून गावाकडे चालती झाली. जाताना उद्याच्या पाहणीला आपण सगळ्यांनी यायचं, साहेबांना बांध दाखवायचा, असं ठरत होतं.

*

भगवानने फावडा उचलला आणि एकट्यानेच उकरायला सुरुवात केली. प्रणित पुढे झाला तर मनिषाने त्याला दंडाला धरून मागे खेचलं.

"करू दे त्यांना," ती म्हणाली.

"करू दे ना. मी कुठे अडवतोय?" प्रणितचा आवाज खाली आला होता. त्याने खाडीकडे हात केला. "भरती उतरली, ताई. बघ."

खरंच पाणी काठापासून खाली गेलं होतं. भगवानने पुन्हा वाट मोकळी केली, अगदी मेखांपर्यंत, आणि खाडी त्या वाटेच्या उंबरठ्याखाली हातभर राहिली. तो खोल गेला, खाडी आणखी खोल गेली. चिखलाने आणि घामाने त्याला दिसेनासं झालं, तरी तो थांबेना. मनिषाने चपला काढल्या, साडी वर खोचली आणि खाली उतरून पाटी धरली. बापाने तिच्याकडे बघितलंही नाही. तो नुसती पाटी भरत राहिला.

"परत रातच्याला भरती येल," तो धापा टाकत म्हणाला. "तवर हा उघडा राहला पायजे."

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने पोकलेनचा आवाज आला. प्रणितने तो बोलावून घेतला होता. ड्रायव्हर चरापर्यंत आला, आत म्हातारा आणि एक बाई बघून त्याने मशीन बंद केलं आणि प्रणितकडे बघितलं.

"काका, वर या," प्रणित म्हणाला. "पाया पडतो. काही लागेल तुम्हाला."

भगवान चरात खाली बसला. पाय पसरून, पाठ मेखांना लावून, जेवायला बसतात तसा बसला. "टाक माती," तो म्हणाला.

ऊन कलेपर्यंत तो तिथे बसून होता. भीमाबाई चहा घेऊन आली. त्याने तो घेतला नाही. मनिषा त्याचा हात धरून बसली. तिने फोन काढून वनखात्याच्या तक्रारीच्या नंबरवर दोनदा फोन केला. तिकडच्या माणसाने शांतपणे पत्ता विचारला आणि उद्या टीम येणारच आहे असं सांगितलं. हळूहळू भगवानची मान कलायला लागली. मग शिवा आणि दोघंतिघं परत आली, कोणीतरी बोलावलं म्हणून. त्यांनी काकुळतीने, समजूत घालत, त्याला खांद्यांना आणि पायांना धरून उचललं. त्याने विरोध केला नाही. त्याच्याकडे आता तेवढं उरलंच नव्हतं. त्याचं वजन किती कमी झालंय याचं शिवाला नवल वाटलं.

पोकलेन सुरू झाला. बांध भरायला त्याला म्हाताऱ्यांच्या विडीएवढाही वेळ लागला नाही.

गोदू सगळा वेळ जिथे बसवली होती तिथेच बसली होती. भावाला तिच्यासमोरून नेत होते तेव्हा त्याने त्यांना थांबायला सांगितलं. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"गोदू. माज्या तोंडातून आपोआप गेला."

"मना ठावं हाय, दादा."

"निवट्या येतील का गं परत?"

तिने उठून पदराने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला, आधी डोळे, मग गाल, जशी ती बाळूला लहानपणी पुसायची.

"निवट्या पलीकडच्या खाडीत गेल्या असतील," ती म्हणाली. "त्यांना जाता येतं. झाडाला कुठं जाता येतं, दादा?"

मग तिने रिकामी पाटी काखेला लावली आणि त्याला घेऊन चाललेल्या माणसांच्या मागून ती घराकडे निघाली.